दोघींच्या मापाचं खोगीर

३ ऑक्टोबर, शनिवार

बाईसाहेबांनी आज मला चक्क नकार दिला. रिकिबीत पाय घातला तेव्हाच तिने कान मागे पाडले होते, आणि मी वर बसल्याबरोबर कुणी अंगावर गार पाणी ओतावं तशी पाठ खाली घेतली. कुंपणापाशी जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मी टाचा लावल्या, चुचकारलं, लाडीगोडी केली, शेवटी झक मारत उतरले. उतरल्यावर मात्र तिने माझ्या खांद्यावर तोंड ठेवून असा काही सुस्कारा सोडला की रागवायचं राहूनच गेलं.

कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण तबेल्यात तिला सगळे बाईसाहेबच म्हणतात आणि ते तिला शोभतं. तबेल्याच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. खोगिराचा मागचा काठ जिथे टेकतो तिथे बोट लागलं की ती अंग चोरते. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. हाड, सांधा सगळं ठीक, खोगीर काचतंय म्हणाले. ते नीट होईपर्यंत बसायचं ते थोडंच, आणि हळू.

ताईला फोन केला. घोडी मूळची तिची, खोगीरही तिच्याच मापाने करून घेतलेलं. गुडघा गेल्यावर तिने दोन्ही मला देऊन टाकली. ती म्हणाली, "बारके, तुला झेपत नसेल तर सांग. आमच्या घराजवळच्या तबेल्यात जागा आहे. एक तारखेला त्यांची गाडी तुमच्या बाजूला येतेच आहे, तिला घेऊन येतील." मी म्हटलं, महिनाभर थांब, खोगिराचं बघते. ती म्हणाली, बघ. पन्नाशीला टेकले तरी तिच्यासाठी मी बारकीच.

म्हणजे या महिन्यात खोगीर बसलं नाही तर घोडी गेली. लिहून टाकलं की डोक्यातून उतरेल असं वाटलं होतं. उतरलं नाही.

४ ऑक्टोबर

दुकान बंद. सकाळभर बाईसाहेबांच्या शेजारी गवताच्या पेंढीवर बसून होते. ती खात होती, मी ऐकत होते. घोड्याचं गवत चावणं ऐकत बसलं की थोड्या वेळाने आपण जागे आहोत की झोपलोय ते कळेनासं होतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांची नाकं आणि कानांच्या मागच्या बाजू बघायच्या. टोचतं का, घसरतं का, खाली बघून दाखवा, मान हलवा. "नाही हो, छान आहे" असं पटकन म्हणणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नसतो. चष्मा काढायला लावते आणि नाकावर वळ उठलाय का ते स्वतः बघते. भिडस्त माणसं नाक सोलवटून घेतील पण बोलायची नाहीत.

घोडीवर बसलं की नुसती उंच होते असं नाही. तिच्या दोन कानांच्या मधून जे जग दिसतं ते जमिनीवर उभं राहून दिसतच नाही. कालव्याकाठच्या वाटेवर सकाळी धुकं असतं. पाणी कुठे संपतं आणि वाट कुठे सुरू होते ते कळत नाही, तरी ती पाय बरोबर टाकते. तेवढा वेळ मी कुणाची धाकटी नसते, कुणाला काही विचारायचं नसतं, कुणाला काही बसवून द्यायचं नसतं. हे गेलं तर माझ्याकडे काय उरेल ते मला खरंच सांगता येणार नाही.

लहानपणापासून ताईचंच सगळं माझ्याकडे आलं. कोट, सायकल, बूट. बुटांच्या टोकांत कापूस कोंबला की झालं. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, आमच्या धाकटीला काहीही बसतं. खरंच बसतं. मी कधी कुरकुर केली नाही, आणि त्याचा मला अजूनही थोडा अभिमानच आहे.

७ ऑक्टोबर

काकूंच्या ओळखीचे खोगीरवाले आले. उंच, जरासे वाकलेले, बोटांना मेण. बोलणं कमी आणि मोजणं फार. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजणीदार ठेवलं.

त्यांनी आधी बाईसाहेबांना सपाट फरशीवर उभं केलं, चारी पाय सारखे. मग मागे तिपाई ठेवून तिच्यावर चढले आणि घोडीच्या कण्यावरून थेट कानांपर्यंत बघत राहिले, कितीतरी वेळ. हाताने वाकवता येणारी एक लांब पट्टी आहे त्यांच्याकडे. ती मानेच्या मुळाशी पाठीवर आडवी दाबायची, तशीच उचलून कागदावर ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. मग जरा मागे, मग आणखी मागे. कागदावर एकाखाली एक टेकड्या उमटल्या. बाईसाहेबांची पाठ इतकी सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. तो कागद मागून घ्यावासा वाटला, पण धीर झाला नाही.

खोगीर ठेवून त्यांनी समोरून आत वाकून पाहिलं आणि मलाही पाहायला सांगितलं. कण्यावर खोगीर टेकता कामा नये, मधल्या पोकळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसला. बोगद्याच्या टोकाशी दिसतो तसा छोटासा, आणि त्यात तिची हलणारी शेपटी.

"आणि तुम्हाला कसं वाटतं यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की चालताना ठीक असते, दुडक्या चालीला लागलो की शेपटी फटकारते. ते म्हणाले, "तिचं नाही, तुम्हाला विचारलं." मी म्हटलं, मला काय, मला काहीही चालतं. त्यांनी कान खाजवला आणि पुढचं माप घेतलं.

निकाल असा की खोगीर घोडीला चांगलं बसतंय. आतल्या लोकरीच्या मात्र गाठी झाल्यात, त्या काढून नव्याने भरू. खोगीरभरती हा शब्द मी आजवर माणसांसाठीच वापरत होते. खऱ्या खोगिरातही भरती असते आणि ती इतकी महत्त्वाची असते हे आज कळलं.

११ ऑक्टोबर

त्यांच्या कामाच्या खोलीवर जाऊन आले. रस्त्यावरून चार पायऱ्या खाली उतरायचं. खिडकी छताला लागून, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात. लाकडी घोड्यांवर खोगिरं ओळीने ठेवलेली, मेणाचा आणि लोकरीचा वास, आणि एक शेगडी.

ते लोकर हाताने पिंजतात. खोगिराच्या पोटाला बारीकशी चीर ठेवलेली असते, तिच्यातून लांब बोथट सळईने चिमूट चिमूट आत सरकवत जातात. दुसरा हात बाहेरून फिरत असतो, डोळे मिटलेले. मी विचारलं, दिसत नाही तर कळतं कसं? म्हणाले, दिसायला लागलं की हात आळशी होतो. घोड्याची पाठ ऋतूप्रमाणे बदलते, गवत वाढलं की भरते, थंडीत उतरते, म्हणून खोगीर कधी पुरं होत नाही, असंही म्हणाले. मला हे फार आवडलं. शेगडीच्या उबेने डोळे जड झाले आणि किती वेळ बसले कोण जाणे.

कंबर मात्र अलीकडे फारच धरते. उजवा खुबाही. दुकानातल्या त्या स्टुलाचा प्रताप. परत येताना एक उशी विकत घेतली.

१४ ऑक्टोबर

नवी भरती घालून बसले. पहिल्या दोन फेऱ्या स्वर्ग. मला वाटलं, जमलं. तिसऱ्या फेरीला कान मागे, मग शेपटी, मग कुंपण. घोडं इथेच पेंड खातं.

घरून जाडसर दोन फडकी नेली होती, ती खोगिराखाली घातली. मऊ लागेल बिचारीला. उलट जास्तच बिनसलं. फोनवर मोजणीदारांना सांगितलं तर ते म्हणाले, पायात बूट बसत नसेल तर जाड मोजे घालता का तुम्ही? मी म्हटलं, आमच्याकडे कापूस घालायचे. ते हसले नाहीत.

१८ ऑक्टोबर

त्यांनी आज आणखी दोन खोगिरं आणली. मी बाईसाहेबांचं तोंड धरून उभी, ते एकेक ठेवून बघत होते. काळं होतं ते तिच्या पाठीवर एका बाजूला सरकत होतं. दुसऱ्याला तिने हरकत घेतली नाही, पण आवडल्याचंही दाखवलं नाही. मी सगळा वेळ तिच्या कानांकडे बघत होते. बसून बघता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी तिला तर पसंत पडू दे, माझं काय एवढं. तेवढ्यात आभाळ अंधारून आलं आणि ते सामान आवरायला लागले.

ताईचा फोन. खोगिराचं काय झालं, असं रोज विचारते. तिकडच्या तबेल्यात बाईसाहेबांसाठी खण निवडूनही ठेवलाय तिने, खिडकीचा. म्हणे सकाळचं ऊन येतं. किती करते माझ्यासाठी.

१९ ऑक्टोबर

स्वप्नात बाईसाहेब दुकानात आल्या. मला जराही नवल वाटलं नाही, फक्त दार लहान पडेल याची काळजी. मी तिला खुर्चीसमोर उभं केलं, नाकावर एकामागून एक काचा लावल्या, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ तिने मला मोठ्याने वाचून दाखवली. अगदी साधं, सोपं काहीतरी होतं. जागी झाल्यावर ते काही केल्या आठवेना, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलताना मी तेच आठवत राहिले.

२५ ऑक्टोबर, रविवार

ताई आली होती. तिचंच म्हणणं, की मी एकदा बसून बघते, म्हणजे दोष खोगिराचा की घोडीचा ते कळेल. कपाटातून जुने बूट काढून पॉलिश करून आणले होते. गुडघ्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, पावलापावलाने जाईन, काही होत नाही.

रिकिबी तिला पुष्कळ खाली सोडाव्या लागल्या. माझ्यासाठी पट्ट्यांना वर एक जादा भोक पाडून घेतलंय. ते दिसल्यावर ती थांबली, खोगिराकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. माझे बूट चिखलाने भरलेले होते, मला लाज वाटली.

मग ती बसली. आणि बाईसाहेब निघाल्या. काय लिहू? पाणी वाहतं तशी निघाली ती. मान सैल, कान पुढे, एकेक पाऊल ओळखीचं. ताई पाठ सरळ ठेवून बसली होती, आईच्या फोटोत आहे तशी. काकू काम टाकून बघत उभ्या राहिल्या. दुडक्या चालीलाही ती लागली थोडी, नको म्हटलं तरी, आणि ना शेपटी ना कुंपण.

उतरल्यावर ताई बराच वेळ घोडीच्या मानेत तोंड घालून उभी होती. डोळे भरलेले. गुडघा दुखला असणार, पण कबूल करणाऱ्यांतली ती नाही. म्हणाली, "हिला काही झालेलं नाही गं."

म्हणजे मलाच झालंय. खोगीर चांगलं, घोडी चांगली, बसणारीच वाईट. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, ताई, एक तारखेला गाडी येऊ दे. तिने माझा हात धरला. घरी येऊन मी आधी भांडी घासली, मग ओटा घासला, मग पुन्हा भांडी. रडू आलंच शेवटी. मला घोडी हवी होती की ताईची घोडी हवी होती, हेही आता नीट सांगता येत नाही.

२७ ऑक्टोबर

मोजणीदारांना फोन करून कळवलं की आता यायला नको, घोडी बहिणीकडे जातेय. बहीण बसली तर कशी छान चालली तेही सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, बहीण तुमच्यापेक्षा उंच आहे का. म्हटलं, चांगली हातभर. ते म्हणाले, "मी तुम्हाला घोडीवर बसलेलं एकदाही पाहिलेलं नाही. बसणारं माणूस पाहिल्याशिवाय खोगीर तपासायचं नाही, ही पहिली गोष्ट. तुम्ही दर वेळी तिचं तोंड धरून उभ्या राहिलात आणि मीही तसाच मोजत बसलो. चूक माझी आहे. गुरुवारी येतो."

आता वरातीमागून घोडं. पण हो म्हटलं. तेवढंच आणखी एकदा बसायला मिळेल.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सावकाश लिहायचं ठरवलंय.

त्यांनी खोगिराखाली धुतलेलं पांढरंशुभ्र फडकं घातलं आणि मला बसवलं. नीट बसू नका, रोज बसता तशा बसा, म्हणाले. ते मैदानाच्या मध्ये उभे, मी त्यांच्याभोवती. चाल, मग थोडी दुडकी. तिने शेपटी फटकारल्यावर लगेच थांबवलं. मला तशीच बसवून ठेवून ते जवळ आले. माझ्या मागे बोट शिरायला जागा नव्हती आणि पुढे अख्खी वीत रिकामी. गुडघ्याला आधार द्यायला खोगिराला जो उंचवटा असतो तो माझ्या गुडघ्यापासून कितीतरी लांब होता. मी तिथवर पाय पोचवायला जाते आणि मागे घसरते. घसरते, सावरते, पुन्हा घसरते. मला हे माहीतच नव्हतं. घोडीवर बसणं म्हणजे असंच असतं असं मला वाटायचं.

मी उतरले. त्यांनी फडकं काढून उन्हात धरलं. पुढे जवळजवळ कोरं होतं. मागे, बरोबर तिच्या दुखऱ्या जागी, दोन काळपट डाग.

"खोगीर तुमच्या बहिणीला बसतं, घोडीलाही बसतं," ते म्हणाले. "तुम्हाला बसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं आपलं."

मी म्हटलं, "मी जुळवून घेईन. मला सवय आहे."

ते फडक्याची घडी घालत होते. म्हणाले, "तुम्ही जुळवून घेता, त्याचा भार तिच्या कमरेवर पडतो."

बाईसाहेब माझ्या बाहीचं बटण चघळत होती. इतके दिवस मी तिला काय काय म्हटलं, हट्टी, नखरेल, लाडावलेली, आणि ती आपली माझं घसरणं पाठीवर घेऊन चालत होती.

गाडीतून त्यांनी एक खोगीर आणलं. तांबूस, ओरखडे पडलेलं, जुनं, लहान. दिसायला अगदीच यथातथा. घोडीच्या टेकड्यांचा कागद घेऊन त्याची लोकर त्यांनी आधीच सारखी केली होती. मी बसले आणि गुडघे आपोआप कुठेतरी जाऊन टेकले. कुणी खुर्ची मागून सरकवावी आणि ती बरोबर आपल्याखाली यावी तसं. मी काहीच करत नव्हते, तरी बसलेली होते. कंबर दुखत नव्हती, आणि दुखणं थांबल्यावर कळलं की ते रोज होतं. दुखऱ्या पाठीमुळे फक्त दोन फेऱ्या, पावलापावलाने. दुसऱ्या फेरीत बाईसाहेबांनी मान खाली सोडली आणि नाकातून फुर्र केलं. मी रडत होते. मोजणीदार कुंपणाची खुंटी तपासत होते, तिला काही झालेलं नसताना.

३१ ऑक्टोबर

उद्या गाडी येणार. ताईला अजून सांगितलेलं नाही. फोन दोनदा उचलला. पहिल्यांदा तिने उचलला नाही तर मला सुटल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा उचलला आणि मी हवापाण्याचं बोलले.

काय सांगू? तुझं खोगीर मला बसत नाही? इतक्या प्रेमाने दिलेलं, तिच्यासाठी मुद्दाम करून घेतलेलं. तिला वाईट वाटेल. वर तिने खण बघून ठेवलाय, उन्हाचा. घोडी तिच्याखाली किती खूष होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कदाचित तिच्याकडेच बरी राहील. मी पुन्हा पुन्हा या वाक्यापाशी येते, आणि दर वेळी गुडघे आठवतात.

दुकानात आज एका बाईंना त्यांच्या सासूबाईंची फ्रेम बसवून हवी होती. नाकापेक्षा मोती जड. मी स्पष्ट नाही म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं किती सोपं असतं.

१ नोव्हेंबर, रविवार

झालं. घोडामैदान जवळ होतंच, पार पडलं.

गाडी वेळेवर आली, ताई तिच्या मागोमाग. पायात ते पॉलिश केलेले बूट. मला वाटलं, नुसतं पोचवायला कशाला बूट, पण विचारलं नाही. ताई म्हणाली, "चल, तिला बाहेर काढ."

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"अडली तर मी आहे ना."

"अडली नाहीये ती. मी पाठवत नाहीये."

मग मी सगळं सांगितलं. फडकं, डाग, गुडघे, वीतभर जागा. नको इतकं लांबवलं. मधेच माफीही मागितली, कशाची कुणास ठाऊक. ताई बाईसाहेबांच्या कपाळावरचे केस सारखे करत होती. माझं संपल्यावरही करत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या रविवारी तुझं ते वरचं भोक पाहिलं तेव्हाच कळलं. त्या खोगिरात तू मागे घसरणारच. म्हटलं, बोलले तर घोडी तुझ्याकडेच राहील."

मला राग आला. ताईचा राग कसा येतो हे मला माहीत नव्हतं, आधी कान तापले. मी म्हटलं, "तिची पाठ दुखत होती, ताई."

"हो."

"आणि माझीही."

हे तोंडातून गेल्यावर आम्ही दोघीही जरा दचकलो. इतक्या वर्षांत मी तिला माझं काही दुखतं असं सांगितलंच नव्हतं बहुतेक. ती पेंढीवर बसली, पाय लांब करून, गुडघा चोळत. म्हणाली की घोडी दिली त्या दिवसापासून सकाळी उठून कुठे जायचं असं काही राहिलंच नाही. दाजी पेपर वाचतात, ती खिडकीशी बसते. तो खण तिने आमच्या बाईसाहेबांसाठी नाही, स्वतःसाठी पाहून ठेवला होता. ताई रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मी हो म्हटलं असतं.

मी हो म्हटलं नाही. तिच्या शेजारी बसले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि राग गेला नव्हता तरी हात काढला नाही.

गाडीवाला रिकामा गेला. ताईचं खोगीर मी पुसून आणलं. ते तिने स्वतः उचललं, स्वतःच्या मोटारीत पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला.

१५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. बाईसाहेबांनी त्यांच्या खिशातलं काहीतरी शोधण्याखेरीज काही केलं नाही. बसा आता, म्हणाले.

सकाळी कालव्यावर गेलो. धुकं इतकं की तिचे कानही मधूनमधून नाहीसे होत होते. कुठवर गेलो ते लक्षात नाही. पाण्यावर कुणाची तरी होडी बांधलेली होती, ती वाटेच्याही वर तरंगतेय असं दिसत होतं. परत आल्यावर काकूंनी विचारलं, नवं खोगीर कसं आहे, आणि तेव्हा लक्षात आलं की तिकडे माझं ध्यानच गेलं नव्हतं.

मोजणीदारांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, छान, आणि थंडीत पाठ उतरली की पुन्हा बघायला येईन. मी म्हटलं, लवकरच उतरेल असं वाटतंय. उगाच म्हटलं. ती तर चांगली गुबगुबीत आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

ताईला मीच बोलावलं. तिचं खोगीर घेऊन आली. घोडीला ते बसतं, तिला बसतं, मग हरकत काय? पावलापावलाने, मैदानाबाहेर नाही, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारूनच. अर्धा तास तिने फेऱ्या घातल्या. मी कुंपणावर बसून बघत होते. आपली म्हटल्यावर दुसऱ्याखाली छान चालताना बघायलाही छान वाटतं.

उतरल्यावर तिचे गाल लाल झाले होते. म्हणाली, "मी दर रविवारी येत जाऊ?"

ये की, असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ताईने विचारलं की ते आधी तिथेच येतं. मी जरा थांबले. तिलाही कळलं असावं, कारण ती मुकाट्याने वाट बघत उभी राहिली.

"एक रविवार सोडून एक," मी म्हटलं.

"का गं? मधल्या रविवारी दुकान उघडं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. "रविवार मलाही आवडतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, नवा चष्मा लावल्यावर लोक पाहतात तसं. मग "बरं" म्हणाली आणि खोगिराचा तंग सोडायला वाकली.